हिरवी फीत

अबोली मॅडमनी जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते ते पूजानं वर्षभर नेमानं केलं.

जेवणावर लगेच चहा पिऊ नका, अन्नातलं लोह अंगी लागत नाही, असं मॅडम म्हणाल्या. तेव्हापासून पूजा ताटावरून उठायच्या आत चहाचं आधण ठेवायला लागली. पालेभाजी टाकू नका म्हणाल्या. मेथी असो, चाकवत असो, आईची पाठ वळली की पूजा आपली भाजी धाकटीच्या ताटात सारायची. दर सोमवारी शाळेत लोहाची निळी गोळी मिळायची आणि ती मॅडमच्या डोळ्यांदेखत घ्यायची असा दंडक होता. पूजा गोळी गालात धरायची, वरून पाणी प्यायची आणि हात धुवायच्या निमित्तानं मागं जाऊन गटारीत थुंकून यायची. आई शेंगदाणे-गुळाचे लाडू वळून दोघींना वाटून द्यायची. पूजाच्या वाटणीचे पल्लवी खायची.

"ताई, तुला नकोच असत्यात व्हय गं?" पल्लवी विचारायची. दोन्ही गाल भरलेले असायचे.

"खा तू. तुला वाढायचंय अजून."

पल्लवी दहावीत होती, पंधरा वर्षांची. पूजा बारावीत. उंब्रजजवळ हायवे सोडून आत वळलं की त्यांचं गाव. बाप कृष्णात, आई शालन, घरचा ऊस, दोन म्हशी. खायला-प्यायला काही कमी नव्हतं. कमी होतं ते पूजाच्या अंगातलं रक्त, आणि ते तिनं स्वतः कमी केलं होतं.

त्याचं कारण सांगायला फार मागं जावं लागत नाही. कृष्णातची थोरली बहीण बनुबाई सांगली जिल्ह्यात, वाळव्याकडं दिलेली. पूजाच्या बारशालाच तिनं पाळण्यात हात घालून सांगितलं होतं, "ही माझ्या राजवर्धनाची." राजवर्धन आता फौजेत होता. आत्याच्या घरी भाची जाणार, यात कुणाला काही विचारण्यासारखं वाटलं नाही. पूजाला अठरा पुरी झाली की वैशाखात बार उडवायचा, एवढंच उरलं होतं. पूजाच्या मनात मात्र साताऱ्याला नर्सिंगला जायचं होतं. तिनं बापाला एकदा विचारून बघितलं. कृष्णात ओरडला नाही, मारलं नाही. वैरण कापता कापता नुसतं म्हणाला, "मग आक्काला काय सांगू?" तिथं तो विषय मिटला.

मग शाळेत ते शनिवारचे तास सुरू झाले. अबोली मॅडम वाईच्या, विज्ञान शिकवायच्या. निरोगी बाळासाठी लग्नाआधीपासून काय करायचं याचं साताऱ्याला प्रशिक्षण घेऊन आल्या आणि नववीपासून बारावीपर्यंतच्या मुलामुलींना एकत्र बसवून शिकवायला लागल्या. पहिल्या शनिवारी पोरं खिदळली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आमचं अजून ठरलं न्हाई, तवर मूल कुठनं आनू?" सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणूनच आत्ता सांगतेय. ठरल्यावर तू ऐकणार नाहीस."

मग त्यांनी सांगितलं की बाळाची तब्येत नवव्या महिन्यात ठरत नाही आणि पहिल्या महिन्यातही ठरत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी ठरते, आई-बाप शाळेच्या बाकावर बसलेले असतात तेव्हा. मुलीच्या अंगात रक्त किती, वय किती, मुलगा मावा-तंबाखू खातो का, दोघं एकाच रक्ताची तर नाहीत ना, असं सगळं. आणि एका शनिवारी त्या म्हणाल्या, "ज्या मुलीचं हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे, तिचं लग्न करून द्यायचं म्हणजे तिला आणि बाळाला दोघांनाही मरणाच्या दारात नेऊन उभं करायचं. अशी मुलगी सून म्हणून नेताना कुठलीही शहाणी सासू दहादा विचार करील."

बाकीच्या मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. पूजानं लिहिलं नाही. तिच्या ते डोक्यात बसलं. बनुबाईच्या थोरल्या सुनेची दोन बाळंतपणं वाया गेली होती, हे तिला माहीत होतं. आत्ती नक्की दहादा विचार करील.

वर्ष सरता सरता पूजाला शाळेचा जिना चढताना कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. नखं पांढरी पडली. कानात रात्रंदिवस सूं सूं वाजायचं. आई म्हणायची, "अब्यासानं वाळली पोर." पूजा आरशात डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. आत पांढरं दिसलं की तिला बरं वाटायचं.

जानेवारीत शाळेनं सगळ्या मुलींचं रक्त तपासलं. मॅडमनी एक युक्ती काढली होती. ज्या मुलीचं रक्त भरपूर तिच्या छातीला हिरवी फीत, मध्यम तिला पिवळी, अगदी कमी तिला लाल. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि लालच्या पिवळ्या, पिवळ्याच्या हिरव्या करायच्या. मुलींना ईर्ष्या लागेल आणि घरच्यांच्या डोळ्यांसमोर राहील, असा त्यांचा विचार. त्यांनी आयांना, आज्यांना, आत्यांना सगळ्यांना शाळेत बोलावलं. गावची यात्रा त्याच आठवड्यात होती. बनुबाई माहेरी आलेलीच होती. तीही भावजयीबरोबर शाळेत गेली आणि पहिल्या रांगेत खुर्ची ओढून बसली.

पूजाचं रक्त साडेसहा निघालं. मॅडमनी स्वतः तिच्या ओढणीला लाल फीत टाचली. टाचताना त्यांचा चेहरा उतरला होता. पूजा मान खाली घालून उभी होती, पण आतून तिला नाचावंसं वाटत होतं. पल्लवीचं साडेबारा. आख्ख्या शाळेत सगळ्यांत जास्त. मॅडमनी तिला पुढं बोलावलं, हिरवी फीत लावली आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं.

बनुबाई टाळ्या वाजवत नव्हती. ती ऐकत होती. सबंध हॉलमध्ये मॅडमचं भाषण तिच्याइतकं मन लावून कुणी ऐकलं नसेल. संपल्यावर ती उठून उभी राहिली.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा ना."

"ही लाल फितीची पोर. हिचं रगात भरायला किती दिस लागतील?"

"औषधपाणी नीट केलं तर चार-सहा महिने. पण इतक्यात लग्नाचा विचार करूच नका, आजी. आणि झालं तरी मूल लगेच नको."

"आनि भरलेलं परत उतरतंय का?"

"काळजी घेतली नाही तर उतरतं."

"आनि हिरव्या फितीच्या पोरीला काय भ्या न्हाई?"

"रक्ताच्या बाजूनं नाही. पण आजी, वय पूर्ण पाहिजे. शिवाय मुलाचीही तपासणी व्हायला हवी."

"माजा पोरगा मिल्ट्रीत हाय. सरकारनंच तपासून घेतलाय."

बायका हसल्या. मॅडमनी हसू आवरून विचारलं, "नात्यातला आहे का मुलगा?"

"भावाचीच पोर करतोय, परक्याची न्हवं."

"तेच टाळायचं असतं, आजी. रक्ताच्या नात्यात—"

"ऱ्हाऊ द्या, बाई," बनुबाई म्हणाली. "तुमी रगात बगाया शिकीवलंसा, तेवडं बास झालं." आणि ती खाली बसली. मॅडमना वाटलं, बाई जाणती आहे, निम्मं तरी पटलं.

घरी आल्यावर बनुबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. सोप्यात मांडी घालून बसली आणि भावाला हाक मारली.

"कृष्णात, ही पोर माज्याच्यानं न्यायची न्हाई."

पूजा आत चुलीपाशी होती. तिनं डोळे मिटले. वर्षभराचं सगळं त्या एका वाक्यासाठी होतं.

"आक्का, बारशापास्नं बोललेलं हाय," कृष्णात म्हणाला.

"बोलले व्हते. मोडत न्हाई म्या. खरसुंडीच्या बाजारात जातोस तवा काय करतोस तू? दात बगतोस, खूर बगतोस, चालवून बगतोस. आनि सून आनायची तर डोळं झाकून आनू व्हय? एका सुनंनं दोन डाव माती केली माज्या घराची. आता बाईनं फीतच लावून दिलीया. लाल कुटली आनि हिरवी कुटली, आंदळ्यालाबी दिसंल."

"मंग?"

"धाकटी दे."

चुलीवरचं दूध उतू गेलं. पूजाला ते दिसलं, पण हात हलला नाही.

"ती पंधराची हाय, वन्सं," शालन दारातून म्हणाली. एवढंच म्हणाली.

"मला ठावं हाय किती वर्साची हाय ती. गाजावाजा कोन कराया सांगतंय? दहावीची परीक्षा झाली की आन माज्याकडं. आत्तीकडं शिकाया धाडली म्हनावं. आमच्या देवळात पहाटं चार अक्षता टाकू. राजवर्धन मे म्हैन्यात सुट्टीवर येतोय. कागदावर पुडं तीन वर्सांनी नोंदवू. हाय काय आनि न्हाई काय."

 कृष्णात म्हणाला, "आनि थोरलीचं काय करू?"

"शिकू दे की! कोन घेनार हाय तिला आता?"

पूजाला हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बहिणी गोठ्यात शेण काढत होत्या. पल्लवीनं हिरवी फीत अजून काढलेली नव्हती. घरच्या मळक्या फ्रॉकवर ती टाचून फिरत होती.

"ताई, तू रागावलीस व्हय?"

"कशापायी?"

"तुजा नवरा मी घेतला म्हनून." पल्लवी हसली. "राजूदाद्या लय भारी दिसतोय वर्दीत. आत्ती म्हनली मोबाइल घिऊन देनार. आनि तुज्यात दमच न्हाई तर मी काय करू? जिना चढतीयास तर आजीगत धापा टाकतीयास."

"पल्ले, ऐक. तुला तितं शाळंत घालनार न्हाईत."

"नगं घालू देत. मला गनितात गोडी कवा व्हती?"

"पल्ले, माजं रगात काय आपोआप…" पूजा म्हणाली आणि थांबली.

"काय?"

सांगायला वेळ लागला नसता. गोळ्या मी थुंकले, भाजी मी तुझ्या ताटात टाकली, माझं रक्त सहा महिन्यांत भरेल. मग आत्ती सहा महिने थांबली असती. वैशाखात पूजाला अठरा पुरी होतच होती. पल्लवी शाळेत राहिली असती आणि पूजा वाळव्याला गेली असती. तराजू अगदी सरळ होता. पूजानं शेणाची पाटी उचलली.

"काय न्हाई. पाटीला हात लाव."

अबोली मॅडमनी फेब्रुवारीत तिला एकटीला बोलावून विचारलं, "पूजा, तुझं लग्न मोडलं असं ऐकलं. खरं?"

"व्हय, मॅडम."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी पूजाचा हात हातात घेतला. "इतकी वर्षं शिकवतेय, एक तरी लग्न थांबलं. आता नीट खा-पी, अभ्यास कर. आणि पल्लवीचं पुढं काय? हुशार नसली तरी तब्येतीनं खणखणीत आहे ती. खेळात घाला तिला."

"ती आत्तीकडं जानार हाय. शिकायला."

"तुझ्या त्या आत्तींकडं?" मॅडम थांबल्या. "पूजा, तिथं काही भलतंसलतं तर नाही ना? मला सांगितलंस तर मी एका फोनवर थांबवू शकते. कुणी सांगितलं हेसुद्धा कळणार नाही."

पूजानं त्यांच्याकडं सरळ बघितलं. फोन झाला की पोलीस आत्तीच्या दारात जाणार, आत्ती बापाच्या दारात येणार, आणि तुटलेलं सांधायला घरात दुसरी मुलगी एकच होती.

"न्हाई, मॅडम. आत्तीचा लय जीव हाय तिच्यावर."

मे महिन्यात वाळव्याकडच्या एका देवळात पहाटे अक्षता पडल्या. माणसं इतकी थोडी होती की मंगलाष्टकं भटजी एकटाच म्हणत होता. पल्लवीला साडी नेसता येईना, सारखी सुटायची. पूजानं तिला घट्ट पिना लावून दिल्या. राजवर्धन भला मुलगा होता, बोलत काही नव्हता. माव्याची पुडी तेवढी त्यानं देवळाच्या पायरीवर ठेवली होती आणि अक्षता पडल्यावर पुन्हा खिशात टाकली.

निघायची वेळ झाली तशी पल्लवीच्या लक्षात आलं की आई-बाप आपल्याला इथंच ठेवून जाणार. तिचा चेहरा एकदम लहान झाला. तिनं पूजाचं मनगट धरलं.

"ताई, तू पाठराखीन ऱ्हा की. सगळ्यांच्या ऱ्हात्यात. चारच दिस."

"मला न्हाई जमायचं."

"दोन दिस ऱ्हा. आजची रात तरी ऱ्हा."

"पल्ले, माजा नर्सिंगचा फारम भरायचाय उद्या."

पल्लवीनं मनगट सोडलं नाही. पूजाला एकेक बोट उलगडून काढावं लागलं. पोरीच्या हातात ताकद भरपूर होती.

पुढं सगळं पूजाच्या मनासारखं झालं. साताऱ्यात तिला प्रवेश मिळाला. ती गोळ्या घ्यायला लागली, भाजी खायला लागली, आणि दिवाळीपर्यंत तिच्या गालांवर रंग आला. दिवाळीनंतर साताऱ्यात एका मोठ्या सभागृहात शाळांचा कार्यक्रम झाला. कुठल्या शाळेत शनिवारच्या तासांनी काय फरक पडला ते सांगायचं होतं. अबोली मॅडमनी पूजाला व्यासपीठावर नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं. म्हणाल्या, "ही आमची पूजा. रक्त तपासल्यामुळं हिचं लग्न थांबलं. आज ही नर्स होतेय."

पूजानं माइक हातात घेतला.  तिनं सांगितलं की आपली आत्या जुन्या वळणाची, पण मॅडमचं ऐकून तिला पटलं. सांगितलं की घरच्यांनी समजून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका अधिकारी बाईंनी विचारलं, "घरी अजून कोण आहे, बाळ?"

"धाकटी बहीण हाय."

"ती काय करते?"

"आत्याकडं हाय. शिकतीया."

"वा! म्हणजे तीच आत्या आता भाचीला शिकवतेय. ह्याला म्हणतात बदल." पुन्हा टाळ्या पडल्या. त्या बाईंनी पूजाला बक्षीस म्हणून लोखंडी कढई दिली. त्यात केलेल्या भाजीत लोह उतरतं म्हणून. परतताना एसटी स्टँडवर मॅडमनी तिला जवळ घेतलं, दोन पेढे दिले आणि वाईच्या गाडीत बसल्या.

पूजा दिवेलागणीला गावी पोचली. शालननं कढई हातात घेऊन तिचं वजन बघितलं.

"बरी जड हाय. ही वाळव्याला धाडू. पल्लीला उपेगी पडंल."

"का?"

"तिला दिस गेल्यात. राजवर्धन गनपतीला सुट्टीवर आलाता. तिसरा लागलाय. वन्संचा फोन आलाता." शालननं आवाज खाली आणला. "परवा गोठ्यात घेरी यिऊन पडली. चौकटीवर आपाटली. रगात जातंय म्हनं थोडं थोडं. दवाखान्यात न्हेता येत न्हाई, वय इचारत्यात. वय कळलं की पोलीस बलावत्यात. वन्सं म्हनत्यात, पूजा शिकतीया त्यातलं, तिला इचार घरीच काय करायचं ते."

 शालननं फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडं बनुबाई आधी बोलली. "आगं, तुज्या बाईनं फशिवलं आमास्नी. हिच्यात बी काय न्हाई. आता तूच काय त्या गोळ्याबिळ्या सांग." मग फोन पल्लवीकडं गेला.

"ताई?"

"बोल."

"ताई, माज्या डोळ्यापुडं अंधारी येतीया. पोटात लय दुकतंय. आत्ती म्हनती सगळ्यास्नी दुकतंय."

"पडून ऱ्हा. पाय उशीवर ठेव."

"ठिवलेत." श्वास लागल्यासारखा आवाज होता. "ताई, आबोली मॅडम भेटत्यात का गं तुला? त्यास्नी सांग की एवडं. त्या म्हनल्या व्हत्या, काय बी झालं तरी मला सांगा. त्या येतील."

पूजानं आईकडं बघितलं. आईनं मान हलवली नाही, नजर तेवढी रोखून धरली. मॅडमनी दिलेल्या पेढ्यांतला एक पूजाच्या पिशवीत तसाच होता. व्यासपीठावरचं आपलं बोलणं तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं.

"न्हाई गं," ती म्हणाली. "त्यांची बदली झाली."



"लांब?"

"लय लांब," पूजा म्हणाली.